छातीत धरलंय: परिचारिकेच्या हातातली पहिली दहा मिनिटं

ग्रामीण रुग्णालयात रात्री अकरा वाजता छातीला हात धरून माणूस येतो, तेव्हा ड्युटीवरचे डॉक्टर प्रसूतिकक्षात अडकलेले असू शकतात, नाहीतर अपघाताच्या जखमीला टाके घालत असतात. दारात असते ती सिस्टर. हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी धमनी गुठळीने पूर्ण बंद झाली, की साधारण अर्ध्या तासात पेशी कायमच्या मरू लागतात आणि पुढे तासागणिक हे क्षेत्र आतल्या बाजूकडून बाहेर पसरत जातं. त्यामुळे सिस्टर आधी काय करते आणि नंतर काय, यावर त्या माणसाचं उरलेलं आयुष्य बऱ्याच अंशी ठरतं.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे तास भरावे लागतात. आपण सभागृहात बसतो, स्लाइड पाहतो, प्रमाणपत्र घेतो. ते हवंच. पण हृदयरोगाचं शिक्षण हातात उतरावं लागतं. ते सभागृहात होत नाही, वॉर्डात होतं. म्हणून ही कृती वॉर्डात, कॉटच्या शेजारी उभं राहून शिकण्या-शिकवण्यासाठी लिहिली आहे. औषधांचे डोस दिले आहेत ते प्रौढांसाठी, आणि डॉक्टरांच्या आदेशाने किंवा रुग्णालयाच्या सहीशिक्क्याच्या स्टँडिंग ऑर्डरनुसार द्यायचे. अशी स्टँडिंग ऑर्डर तुमच्याकडे नसेल तर अधिसेविकांकरवी वैद्यकीय अधीक्षकांकडून लेखी करून घ्या. त्यात एक वाक्य असलंच पाहिजे: छातीत दुखणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा ईसीजी परिचारिकेने आदेशाची वाट न पाहता काढावा.

पहिली पायरी: रुग्ण येण्याआधी

पाळी सुरू झाली की ओव्हर घेताना इमर्जन्सी ट्रॉली उघडून पाहायची. नुसती यादीवर टिक मारायची नाही. डिफिब्रिलेटर चार्ज करून, यंत्राच्या चाचणी पद्धतीने डिस्चार्ज करून पाहा. बॅटरीवर चालतो का तेही पाहा, कारण वीज नेमकी तेव्हाच जाते. ईसीजी यंत्रात रोल आहे ना, दुसरा रोल खणात आहे ना, जेली आहे ना. ऑक्सिजनचा सिलेंडर भरलेला असून उपयोग नाही, त्याची चावी तिथेच बांधलेली हवी. छातीवरचे केस काढायला रेझर, घाम पुसायला गॉज. सक्शन चालू करून नळी तळहाताला लावून पाहा, ओढतं का.

औषधांत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोर्व्हास्टॅटिन, सॉर्बिट्रेट, ॲड्रेनॅलिन, ॲट्रोपिन, ॲमिओडॅरोन, फ्युरोसेमाइड, मॉर्फिन (कुलूपबंद कपाटात), आणि तुमच्या रुग्णालयाला पुरवलेलं गुठळी विरघळवणारं औषध. यांच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून ट्रॉलीच्या झाकणाला आतून चिकटवा.

दुसरी पायरी: बघणं आणि ऐकणं

रुग्णाला चालू द्यायचं नाही. व्हीलचेअर किंवा स्ट्रेचर घ्या. केसपेपर काढायला नातेवाइकाला पाठवा, रुग्णाला रांगेत उभं करू नका. त्याला अर्धवट बसतं करून टेकवा, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहून आल्याची वेळ लिहा. सगळ्यांनी एकाच घड्याळातली वेळ लिहायची, आपापल्या मोबाइलमधली नाही, म्हणजे पुढची जुळवाजुळव चुकत नाही.

बघायचं काय? चेहरा राखेसारखा पडलाय का, कपाळावर गार घाम आहे का, ओठ निळसर आहेत का, एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय का, हातपाय गार आहेत का. एवढं बघायला अर्धं मिनिट पुरतं आणि या अर्ध्या मिनिटात अनुभवी सिस्टरला जे कळतं, त्याची किंमत कुठल्याही यंत्रापेक्षा कमी नाही.

ऐकायचं जास्त काळजीपूर्वक. "छातीत दुखतंय" असं पुस्तकातलं वाक्य फार थोडे लोक बोलतात. छातीत धरलंय, गच्च झालंय, आवळल्यासारखं होतंय, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, डावा खांदा भरून आलाय, जबडा ओढल्यासारखा होतोय, असं लोक म्हणतात. दुखतंय कुठं विचारलं की पुष्कळ जण एक बोट न दाखवता अख्खी मूठ किंवा तळवा छातीच्या मधोमध ठेवतात. ही खूण लक्षात ठेवा. बोटाच्या टोकाने दाखवलेलं, दाबल्यावर वाढणारं, श्वासासोबत टोचणारं दुखणं हृदयाचं असण्याची शक्यता कमी, पण नाहीच असं म्हणायचं नाही.

फसगत होते ती बायका, वयस्क माणसं आणि मधुमेही यांच्या बाबतीत. पन्नाशीची बाई म्हणते, "पित्त झालंय सिस्टर, मळमळतंय, अंगातलं बळच गेलं." मधुमेही आजोबा नुसते दम लागतोय म्हणतात. छातीचं नावच नाही. घरच्यांनी ओव्याचं पाणी, सोडा, गॅसची गोळी देऊन झालेली असते. जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही अचानक सुरू झालेली अस्वस्थता, सोबत घाम, दम, उलटी किंवा घेरी असेल, तर ईसीजी निघेपर्यंत ते हृदयाचंच समजा. विनाकारण निघालेल्या ईसीजीचा तोटा एक कागद. न निघालेल्या ईसीजीचा तोटा सांगायला नको.

प्रश्न थोडेच विचारा. सुरू कधी झालं? गावाकडचा माणूस घड्याळ सांगत नाही. धार काढताना, भाकरी टाकताना, मुक्कामाची गाडी आल्यावर असं सांगतो. ते तिथेच घड्याळात बसवून घ्या: "गाडी नऊला येते ना? म्हणजे दोन तास झाले." गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा निर्णय याच वेळेवर उभा असतो. कळ येऊन-जाऊन असेल, तर सलग राहिलेली कळ कधीपासून ते वेगळं लिहा. मग विचारा: आधी कधी ॲटॅक आलाय का, फुगा किंवा बायपास झालाय का, साखर-बीपीच्या गोळ्या कोणत्या, कसली ॲलर्जी, पोटात रक्तस्राव, लकवा, डोक्याला मार, अलीकडचं ऑपरेशन. पुरुषांना नातेवाईक बाजूला करून हळू आवाजात विचारा, की दोन दिवसांत लैंगिक ताकदीची गोळी घेतली का. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट द्यायची नसते, रक्तदाब धोकादायक कोसळतो.

आणखी एक प्रश्न आपल्याकडे विचारलाच पाहिजे: इथं येण्याआधी कुठं इंजेक्शन घेतलं का? वाटेतल्या दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन कमरेत टोचून घेतलेलं असतं. पुढे गुठळी विरघळवणारं औषध दिलं की त्या जागी स्नायूत रक्त साकळतं. जागा पेनाने गोल करून ठेवा, आणि तुमच्या हातून या रुग्णाला स्नायूत एकही इंजेक्शन जाऊ देऊ नका.

तिसरी पायरी: ईसीजी

आल्यापासून १० मिनिटांच्या आत बारा लीडचा ईसीजी निघून डॉक्टरांच्या डोळ्यांखाली गेला पाहिजे. हे जगभर मान्य झालेलं माप आहे. यंत्र जुनं असो की नवं, चुका होतात त्या जागा चुकवल्यामुळे. म्हणून इथे रेंगाळतो.

पडदा ओढा. अंगावर चादर ठेवा. बाईमाणसाला आधी सांगा काय करणार आहोत, म्हणजे ती आखडत नाही. आखडलेल्या स्नायूंची थरथर कागदावर उतरते. बांगड्या, मंगळसूत्र काढायला लावू नका, गरज नसते आणि अशा वेळी ते कुणाच्या मनाला लागतं. बांगड्या वर सरकवा, मंगळसूत्र खांद्यावर घ्या, धातू इलेक्ट्रोडला टेकला नाही म्हणजे झालं.

हातापायांचे चिमटे: आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांवर लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या पायाला. तरी वायरवरची अक्षरं वाचूनच लावा. पाय कापलेला असेल तर त्याच बाजूच्या मांडीला लावा.

छातीच्या जागा नजरेने ठरवायच्या नाहीत, बोटाने मोजायच्या. गळ्याच्या खळीत बोट ठेवा आणि मधल्या हाडावरून खाली सरकवा. चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा बोटाला लागतो. तिथून बोट बाजूला नेलं की दुसरी बरगडी, तिच्याखालची फट दुसरी. तिसरी मोजा, चौथी मोजा. चौथ्या फटीत हाडाच्या उजव्या कडेला व्ही-१, डाव्या कडेला व्ही-२. मग व्ही-३ न लावता आधी व्ही-४ लावा: पाचव्या फटीत, गळ्याच्या डाव्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर. आता व्ही-२ आणि व्ही-४ यांच्या बरोबर मध्ये व्ही-३. व्ही-५ आणि व्ही-६ हे व्ही-४च्याच आडव्या पातळीत, पहिला काखेच्या पुढच्या रेषेवर, दुसरा काखेच्या मध्यरेषेवर. बरगडीच्या वळणासोबत ते वर चढवू नका.

व्ही-१ आणि व्ही-२ खूप वर लागणं ही सर्वांत नेहमीची चूक आहे. त्यामुळे नसलेला जुना ॲटॅक कागदावर दिसू शकतो. बायकांच्या बाबतीत संकोचाने व्ही-४ ते व्ही-६ स्तनावरच लावून मोकळं होतात. स्तन उलट्या हाताने हळूच वर उचलून, खालच्या पटीत लावायचे. मोठ्या बहिणीला सांगावं तसं "ताई, जरा वर धरता का" म्हटलं की बहुतेक बायका स्वतःच धरतात.

जेली प्रत्येक जागी वेगळा ठिपका. सलग लांब पट्टा ओढला तर सहा लीडचं मिळून एकच चित्र येतं. घामाने रबरी फुगा सुटतो, म्हणून आधी पुसून कोरडं करा, केस दाट असतील तर तेवढी जागा भादरा.

वेग सेकंदाला २५ मिलिमीटर, उंची मिलिव्होल्टला १० मिलिमीटर, हे कागदावर तपासा. मग लीड १ आणि एव्हीआर पाहा. लीड १ मध्ये सगळं उलटं आणि एव्हीआरमध्ये सुलटं दिसलं, तर बहुतेक वेळा दोन हातांच्या वायरी बदलल्या आहेत. पुन्हा लावून काढा. कागदावर नाव, वय, तारीख, वेळ आणि "कळ चालू आहे" की "कळ नाही" हे लिहा. उष्णतेने छापणारा कागद काही महिन्यांत फिका पडतो, त्यामुळे झेरॉक्स केसपेपरला लावा.

चौथी पायरी: कागद हातात आल्यावर

निदान डॉक्टर करतील. पण कोणता कागद घेऊन धावत जायचं आणि कोणता घेऊन चालत, हे सिस्टरला कळायलाच हवं. सरळ पायारेषेपासून एसटी सेगमेंट वर उचललेला आहे का पाहा. शेजारच्या दोन लीडमध्ये एक लहान चौकोन म्हणजे १ मिलिमीटर किंवा जास्त उचल असेल तर धावा. व्ही-२ आणि व्ही-३ मध्ये माप थोडं मोठं: बायकांत दीड, चाळिशीपुढच्या पुरुषांत २ आणि त्याहून तरुण पुरुषांत अडीच मिलिमीटर. लीड २, ३ आणि एव्हीएफ ही हृदयाची खालची भिंत. व्ही-१ ते व्ही-४ पुढची. लीड १, एव्हीएल, व्ही-५, व्ही-६ बाजूची.

खालच्या भिंतीचा ॲटॅक दिसला, तर लगेच व्ही-४चा इलेक्ट्रोड उजव्या बाजूला त्याच जागी लावून आणखी एक ईसीजी काढा आणि त्यावर "उजवी बाजू" असं ठळक लिहा. उजवा कप्पा सापडलेला असेल तर सॉर्बिट्रेटने रक्तदाब कोसळतो. व्ही-१ ते व्ही-३ मध्ये एसटी खाली दबलेला असेल तर ॲटॅक मागच्या भिंतीचा असू शकतो. पाठीकडून, डाव्या खवाट्याखाली, व्ही-७ ते व्ही-९ काढून दाखवा.

पहिला ईसीजी चांगला आला म्हणून रुग्णाला बाकावर बसवू नका. कळ चालू असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा, पहिल्या तासात तरी. ट्रोपोनिनची पट्टीही सुरुवातीच्या तासांत नकारात्मक येऊ शकते, काही तासांनी पुन्हा करावी लागते. आणि एसटी उचललेला दिसत असेल तर ट्रोपोनिनसाठी एक मिनिटही थांबायचं नाही.

पाचवी पायरी: एकाच वेळी चालणारी कामं

ब्रदर किंवा दुसरी सिस्टर असेल तर ईसीजी निघत असतानाच ही कामं सुरू व्हावीत. एकटी असाल तर ईसीजी पहिला.

मॉनिटर लावा आणि डिफिब्रिलेटर कॉटपर्यंत आणून ठेवा. पहिल्या तासांत हृदय कधीही थरथरू लागतं आणि तेव्हा यंत्र दुसऱ्या खोलीत असणं परवडत नाही. रक्तदाब दोन्ही हातांचा घ्या. वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक आणि पाठीत फाडल्यासारखी कळ असेल तर महाधमनी उकलली असण्याची शंका डॉक्टरांना आधी सांगा, कारण तिथे रक्त पातळ करणारी औषधं जीव घेऊ शकतात.

व्हेनफ्लॉन डाव्या हाताला, कोपराच्या खाली लावा. अँजिओग्राफी बऱ्याचदा उजव्या मनगटातून होते, ते मनगट मोकळं ठेवा. शक्य असेल तर दुसरी लाइनही आत्ताच टाका आणि रक्ताचे नमुने याच वेळी काढा, नंतर टोचाटोची नको.

ऑक्सिजन सगळ्यांना लावायची जुनी सवय सोडा. एसपीओटू ९० टक्क्यांखाली असेल किंवा दम लागत असेल तर लावा. ठीक असेल तर त्याचा फायदा नाही.

ॲस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून खायला द्या. आपल्याकडे इकोस्प्रिनच्या गोळीला आतड्यात विरघळणारं वेष्टन असतं. तीच हाताशी असेल तर गिळायला देऊ नका, चावूनच खायला लावा, "कडू लागली तरी चावा" असं सांगा. क्लोपिडोग्रेल ३०० आणि ॲटोर्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम आदेशाप्रमाणे. गुठळी विरघळवायचं ठरलं असेल आणि वय ७५च्या पुढे असेल तर क्लोपिडोग्रेल ७५च देतात, हे डॉक्टरांना आठवण करून द्यायला संकोच करू नका. सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम जिभेखाली देण्याआधी रक्तदाब पाहा. वरचा आकडा ९० पेक्षा कमी, उजव्या कप्प्याचा ॲटॅक किंवा मघाशी विचारलेली लैंगिक ताकदीची गोळी, यातलं एकही असेल तर द्यायची नाही.

आणि बोला. "तुमच्या हृदयाची तपासणी चाललीय, मी इथंच आहे, कळ वाढली तर लगेच सांगा." नातेवाइकांना खोलीबाहेर ठेवा, पण दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन दोन वाक्यं सांगा. ज्यांना काहीच कळत नाही ते घाबरून आरडाओरडा करतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

सहावी पायरी: गुठळी विरघळवणारं औषध

निदानापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होऊ शकत असेल तर तीच उत्तम. जिल्ह्याच्या टोकाच्या तालुक्यातून, घाट उतरून, ते जमत नसेल आणि कळ सुरू होऊन १२ तासांच्या आत असू, तर औषध इथेच द्यायचं आणि मग पाठवायचं. दारात आल्यापासून सुई टोचेपर्यंत ३० मिनिटांहून जास्त जाऊ नयेत.

आधी यादी मोठ्याने वाचून विचारा: मेंदूत कधी रक्तस्राव, अलीकडचा लकवा, डोक्याला मार, मोठं ऑपरेशन, चालू रक्तस्राव, आणि आत्ताचा रक्तदाब १८०/११० च्या वर आहे का. एक जरी "हो" आलं तरी डॉक्टरांना सांगून थांबा.

स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट, १०० मिलिलिटर नॉर्मल सलाइनमध्ये, ३० ते ६० मिनिटांत. बाटली जोराने हलवू नका, फेस होतो, हळू फिरवून विरघळवा. रक्तदाब उतरतो, तो पाहत राहा. उतरला तर वेग कमी करा, पाय वर उचला आणि डॉक्टरांना बोलवा. अंगावर गांधी उठल्या, थंडी वाजली, श्वास घरघरला तर बंद करा. हे औषध एकदा घेतलेल्याला पुन्हा देत नाहीत, कारण शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं वर्षानुवर्षं राहतात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर "स्ट्रेप्टोकायनेज दिले, तारीख अमुक" हे मोठ्या अक्षरांत हवंच. ही एक ओळ पुढच्या रुग्णालयातल्या सिस्टरसाठी आहे.

टेनेक्टेप्लेज वजनावर देतात आणि एकाच वेळी, काही सेकंदांत. ६० किलोखाली ३० मिलिग्रॅम, पुढे दर १० किलोला ५ ने वाढत ९० किलो आणि वर ५०. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना अर्धा डोस देण्याची पद्धत आहे. म्हणून वजन अंदाजाने नको, काट्यावर पाहा किंवा नातेवाइकाला विचारा. लाइनमध्ये डेक्स्ट्रोज असेल तर औषध साकळतं. आधी आणि नंतर नॉर्मल सलाइनने लाइन धुवा.

मग तास-दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, शुद्ध, बाहुल्या. हिरड्या, लघवीचा रंग, टोचलेल्या जागा. अचानक डोकं दुखलं, उलटी झाली, जीभ जड झाली, एक हात पडला, तर औषध चालू असेल तर बंद, आणि तातडीने डॉक्टर. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी. कळ ओसरली आणि एसटीची उचल निम्म्याहून जास्त खाली आली तर धमनी उघडली असं धरतात. मॉनिटरवर थोडा वेळ रुंद, संथ ठोके दिसतात. रक्तदाब ठीक असेल तर ते बहुतेक वेळा धमनी उघडल्याची खूण असतात. कळ तशीच, उचल तशीच, तर रुग्णाला तातडीने कॅथलॅबकडे हलवायचं.

मध्येच कोसळला तर: हाक मारा, प्रतिसाद आणि श्वास नाही तर छाती दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांना २ श्वास. थरथर दिसली की शॉक, आणि शॉकनंतर नाडी शोधत न बसता २ मिनिटं पुन्हा दाबणं. ॲड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी. याचा सराव वाचून होत नाही, पुतळ्यावर करा.

सातवी पायरी: पाठवणं

१०८ ला फोन निदान होताच करा, औषध संपल्यावर नाही. गाडी यायला वेळ लागतो. पुढच्या रुग्णालयाला फोनवर सांगा: वय, कळ सुरू झाल्याची वेळ, कुठल्या भिंतीचा ॲटॅक, काय दिलं, किती वाजता दिलं, आत्ताचा रक्तदाब. ईसीजीचा फोटो पाठवा. अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. नातेवाइकांना रेशनकार्ड आणि आधार घेऊन यायला सांगा, तिथे गेल्यावर आरोग्यमित्राला भेटायला सांगा. मात्र कागद घरी राहिले म्हणून गाडी थांबवू नका, कागद मागून आणता येतात.

आठवी पायरी: वॉर्डातला थकलेल्या हृदयाचा रुग्ण

ॲटॅकची धावपळ सगळ्यांच्या लक्षात राहते. हृदय निकामी होत चाललेला रुग्ण मात्र कोपऱ्यातल्या कॉटवर उशीवर उशी रचून बसलेला असतो आणि त्याच्याकडे खरं काम परिचारिकेचंच असतं. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन. तक्त्यात लिहा. दिवसात १ किलो किंवा तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते पाणी आहे, पायावर सूज दिसण्याच्या आधीच वजन ते सांगतं.

सूज नडगीच्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून पाहा. पडून असणाऱ्याची सूज पायावर शोधू नका, कुशीवर वळवून माकडहाडाशी पाहा. ४५ अंशांत टेकवून मानेतली शीर किती वर धडधडते पाहा. रात्री किती उशा लागतात, दम लागून उठून बसावं लागतं का, हे रोज विचारा. फ्युरोसेमाइड शिरेतून हळूच द्या, मिनिटाला ४ मिलिग्रॅमपेक्षा वेगाने नाही, जोरात दिलं तर कानाला इजा होते. लघवी मोजा, पोटॅशियमचा रिपोर्ट आला का याचा पाठपुरावा करा. डिगॉक्सिन असेल तर स्टेथोस्कोपने पूर्ण एक मिनिट ठोके मोजूनच गोळी. ६० पेक्षा कमी असतील तर गोळी हातात ठेवा आणि विचारा.

तरुण पोरगी दम लागून आली आणि लहानपणी सांधे सुजल्याचं सांगत असेल, तर संधिवाती हृदयरोगाचा विचार मनात येऊ द्या. त्यांचं दर २१ दिवसांचं बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकलं की झडपा पुन्हा खराब होतात. इंजेक्शनच्या तारखांची वही ठेवणारी सिस्टर अशा मुलींचं आयुष्य लांबवते.

नववी पायरी: घरी जाताना

डिस्चार्जच्या दिवशी सगळं एकदम सांगितलं तर काही राहत नाही. दाखल असतानाच रोज थोडं सांगा, आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाला बोलवून सांगा. मीठ दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा. पण भाजीतलं मीठ कमी करून लोणचं, पापड, फरसाण, सुकट-बोंबील चालू राहिलं तर उपयोग नाही. हे पदार्थ नावानिशी सांगा.

लघवीची गोळी लोक एसटी बसने जायच्या दिवशी टाळतात, कारण वाटेत सोय नसते. विशेषतः बायका. त्यांना रागवू नका. डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची वेळ पुढे-मागे करून द्या. स्टेंट बसवलेल्याला मात्र ठणकावून सांगा, की रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून, दात काढायचाय म्हणून, उपवास आहे म्हणून स्वतःहून बंद करायच्या नाहीत. सॉर्बिट्रेट बसून जिभेखाली ठेवायची, पाच मिनिटांत आराम नाही तर १०८. शेवटी विचारा, "आता घरी गेल्यावर काय करणार ते मला सांगा बरं." त्यांच्या तोंडून जे येत नाही ते पुन्हा शिकवायचं राहिलं.

वॉर्डात कसं शिकवायचं

दुपारी दोनच्या ओव्हरला दोन पाळ्यांची माणसं एकत्र असतात. आठवड्यातून एकदा त्यातला अर्धा तास यासाठी काढा. एक सिस्टर रुग्ण, एक ईसीजी काढणारी, एक घड्याळ लावून उभी. ठिपके पेनाने छातीच्या चित्रावर नाही, परवानगीने खऱ्या माणसावर. पुढच्या आठवड्यात आधीच्या महिन्यातले खरे ईसीजी, नाव झाकून, टेबलावर पसरा आणि विचारा: धावायचं की चालायचं? त्यानंतर केसपेपर काढून आल्याची वेळ आणि ईसीजीची वेळ यांतलं अंतर मांडा. चूक कुणाची ते काढू नका, उशीर कुठे झाला ते शोधा: रोल संपला होता, किल्ली कपाटात होती, पडदा नव्हता म्हणून बाई थांबली. हे दुरुस्त होण्यासारखं असतं आणि ते दुरुस्त करायला कुठल्या परिपत्रकाची गरज नसते. वर्ग चार कर्मचारी, मावशी आणि मामा यांनाही बोलवा. छातीला हात धरून आलेल्या माणसाला स्ट्रेचर देणारे पहिले तेच असतात.

हजेरी नोंदवा, म्हणजे वॉर्डात काय शिकवलं याचा कागद राहतो. पण याच आठवड्यात, वॉर्डात सर्वांत नव्याने रुजू झालेल्या सिस्टरला एक पूर्ण ईसीजी तुमच्यासमोर, बरगड्या मोजून काढायला लावा, आणि तो बरोबर येईपर्यंत तिच्याजवळ उभ्या राहा.